कै. उपेंद्रकिशोर रायचौधुरी

एखाद्या मासिकांतील छापील चित्र भिंगाखालीं धरून पाहिलें तर मोठी मौज दिसते. दुरून जेथें गालावरची मऊ सांवली दिसत होती, तेथें सांवली मुळींच नसते. असतात ते नुसते शाईचे ठिपके. गडद भागांत ते फुगून एकमेकांस भिडलेले असतात, उजळ भागांत टांचणीच्या टोंकाहूनहि बारीक झालेले असतात. छापण्याच्या यंत्रास फिकी शाई ठाऊक नाहीं. कागदावर शाई लावावी किंवा लावूं नये, एवढेंच त्यास कळतें. तेव्हां काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या शेंकडों छटा उमटवावयाच्या म्हणजे ठिपके लहानमोठे करून डोळ्यास फसविण्यावांचून गति नाहीं. हे ठिपके छापतेवेळीं पडत नाहींत. चित्र यंत्रावर चढण्यापूर्वीं, त्याचा ठसा तयार होत असतांनाच ते पडतात. आणि तेथें जें बिघडलें तें पुढें कितीहि उंची कागद व शाई वापरली तरी सुधारत नाहीं.

या ठिपक्यांचें शास्त्र ज्या थोड्या पुरुषांनीं मूळापासून तपासून पाहिलें त्यांत कलकत्त्याचे एक गृहस्थ होते. मुलांसाठीं गोष्टी लिहिणारे म्हणून बंगाल्यांत त्यांचें नांव घरोघर आहे, आणि चित्रपटकार सत्यजित राय यांचे आजोबा म्हणून बाहेरच्या जगासहि तें ठाऊक आहे. परंतु मुद्रणकलेंतील त्यांची कामगिरी आपल्याकडे फारशी कोणास माहीत नाहीं. म्हणून उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचें चरित्र आम्ही यंदां वाचकांपुढें ठेवीत आहों.

उपेंद्रकिशोरांचा जन्म इ. स. १८६३ च्या मे महिन्यांत पूर्व बंगाल्यांतील मैमनसिंग जिल्ह्यांत मसूया या गांवीं झाला. हा प्रदेश आतां बांगलादेशांत मोडतो. त्यांचे वडील कालीनाथ राय संस्कृत, अरबी व फारसी या तिन्ही भाषांचे मोठे जाणकार होते. मुलाचें जन्मनांव कामदारंजन. तो पांच वर्षांचा असतांना नात्यांतील हरिकिशोर रायचौधुरी या जमीनदारांनीं त्यास दत्तक घेतलें, आणि आपल्या नांवाशीं जुळावें म्हणून उपेंद्रकिशोर असें नवें नांव ठेविलें. भावंडें सारींच कर्तबगार निघालीं. थोरले बंधु शारदारंजन पुढें कॉलेजाचे प्रिन्सिपॉल झाले. शिवाय बंगाली मुलांस क्रिकेटची गोडी लावण्याचें श्रेयहि त्यांसच देतात, हें आमच्या शाळेंतील क्रिकेटवीरांनीं ध्यानांत ठेवावें.

मैमनसिंगच्या जिल्हा शाळेंत उपेंद्रकिशोरांचें शिक्षण झालें. अभ्यासांत ते हुषार होते खरे, पण त्यांचें चित्त चित्रें काढण्यांत आणि वाद्यें वाजविण्यांत अधिक रमे. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर ॲश्ले ईडन एकदां शाळा पाहावयास आले असतां हा मुलगा खालीं मान घालून वहींत कांहीं रेखाटीत बसला होता. साहेबांनीं जवळ जाऊन पाहिलें तों त्यांचेंच चित्र! मास्तरांच्या पोटांत गोळा उठला असेल. परंतु साहेब रागावले नाहींत. उलट ही विद्या सोडूं नकोस असें त्यांनीं मुलास बजावलें, अशी आख्यायिका आहे. शिष्यवृत्ति मिळवून उपेंद्रकिशोर कलकत्त्यास आले, प्रथम प्रेसिडेन्सी कॉलेजांत व नंतर मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्यें शिकले, आणि १८८४ सालीं बी. ए. झाले.

कलकत्त्यास त्यांचा ओढा ब्राह्मसमाजाकडे वळला. दत्तक वडिलांच्या घरचें वळण जुनें. त्यांस ही गोष्ट रुचली नाहीं. उपेंद्रकिशोरांनीं मात्र आपला मार्ग सोडला नाहीं. ब्राह्मसमाजाचे धडाडीचे सुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्या विधुमुखी नांवाच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. द्वारकानाथांच्या दुसऱ्या पत्नी कादंबिनी या आमच्या आनंदीबाई जोशी यांच्याच पिढींतल्या. पाश्चात्य वैद्यक शिकलेल्या पहिल्या हिंदी स्त्रियांत त्यांची गणना होते. अशा घरांत जांवई म्हणून आलेल्या तरुणास नव्या विद्येचें भय वाटण्याचें कारणच नव्हतें. सरकारी नोकरी किंवा वकिली हे त्या काळच्या पदवीधरांचे ठरलेले दोन रस्ते. उपेंद्रकिशोर त्यांपैकीं एकाहि रस्त्यानें गेले नाहींत. व्हायोलिन वाजवावें, पखवाज वाजवावा, चित्रें काढावीं, आणि मुलांच्या मासिकांत लिहावें, असा त्यांचा क्रम होता. रवींद्रनाथ ठाकूर यांच्याशीं त्यांचा स्नेह होता, आणि त्यांच्या ‘नदी’ या काव्यासाठीं उपेंद्रकिशोरांनीं चित्रेंहि काढिलीं. कॉलेजांत असतांनाच, १८८३ सालीं, ‘सखा’ या मुलांच्या मासिकांत त्यांचें लेखन येऊं लागलें होतें.

यांतूनच त्यांच्या आयुष्यास वळण देणारी गोष्ट घडली. मुलांसाठीं सोप्या बंगालींत त्यांनीं रामायण लिहिलें व त्यासाठीं स्वतः चित्रें काढिलीं. त्या काळीं पुस्तकांतील चित्रें लाकडी ठशांवरून छापीत. चित्रकारानें चित्र काढावें, कोरक्यानें तें लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर उलटें उतरून घ्यावें, आणि जेथें पांढरें हवें तेथलें लाकूड खोदून टाकावें, अशी ती रीत होती. म्हणजे वाचकाच्या हातीं चित्रकाराची रेषा पडतच नसे; पडे ती कोरक्याची रेषा. कोरक्या निष्णात असला तर ठीक; नसला तर सीतेच्या मुखावरचें कारुण्य एका फटकाऱ्यासरशीं नाहींसें होई, आणि छायेच्या जागीं कुंपणासारख्या आडव्या रेघा उभ्या राहत. रामायणाचें पुस्तक छापून हातीं आलें, आणि आपल्या चित्रांची दशा पाहून उपेंद्रकिशोर अत्यंत खिन्न झाले.

दुसरा कोणी असता तर त्यानें कोरक्यास दोष देऊन विषय संपविला असता. मुलांचेंच तर पुस्तक, त्यास एवढें काय, असें म्हणणारेहि पुष्कळ भेटले असते. ही वृत्ति आपल्या देशांत अद्यापि पुरती गेलेली नाहीं. उपेंद्रकिशोरांचें मत याच्या अगदीं उलट होतें. मुलें वाचण्याआधीं पाहतात. त्यांच्या पुढें ओबडधोबड चित्र ठेवणें म्हणजे त्यांच्या डोळ्यांस वाईट वळण लावणें होय. तेव्हां चित्रकाराच्या हातचें चित्र जसेंच्या तसें कागदावर उतरेल असा उपाय शोधून काढावयाचा, असा त्यांनीं निश्चय केला.

याच सुमारास आमच्या इकडे राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापाचा छापखाना काढून आपलीं रंगीत चित्रें घरोघर पोंचविण्यास आरंभ केला होता. पुढें तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. शिळाछापांत प्रत्येक रंगास निराळी शिळा लागे, आणि कोणत्या शिळेवर चित्राचा कोणता भाग घ्यावयाचा हें कसबी कारागीर डोळ्यानें ठरवून हातानें काढीत. भिंतीवर लावावयाच्या सुट्या चित्रास ही रीत उत्तम होती. परंतु पुस्तकाच्या पानांत, खिळ्यांनीं जुळविलेल्या मजकुराबरोबर एकाच दाबांत चित्र छापावयाचें तर शिळा कामास येत नाहीं. तेथें खिळ्यांच्याच उंचीचा, उठावाचा ठसा पाहिजे. असा ठसा हातानें न कोरतां छायाचित्राच्या साहाय्यानें बनविण्याची हाफटोन नांवाची युक्ति यूरोप-अमेरिकेंत नुकतीच निघाली होती. म्यूनिच येथील मायसेनबाख यांनीं १८८२ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें. उपेंद्रकिशोरांनीं १८९५ सालीं लंडनच्या पेनरोज कंपनीकडून हाफटोनसाठीं लागणारा कॅमेरा व इतर सामान मागविलें, आणि कलकत्त्यास शिवनारायण दास लेनमधील आपल्या राहत्या घरांतच कारखाना थाटला. शिकविणारा कोणी नव्हता. पुस्तकें व स्वतःचे हात हेच गुरु.

हाफटोनची कृति थोडक्यांत अशी. दोन कांचा घ्यावयाच्या. प्रत्येकीवर समांतर व समान अंतरावरच्या बारीक काळ्या रेघा आंखलेल्या असतात. त्या कांचा रेघा एकमेकींस काटकोनांत येतील अशा चिकटविल्या म्हणजे अतिसूक्ष्म चौकोनी भोंकांची जाळी तयार होते. एका इंचांत १३३ रेघा असल्या तर एका चौरस इंचांत १७,६८९ भोंकें होतात. ही जाळी कॅमेऱ्यांत प्रकाशग्राही कांचेच्या पुढें, पण तिला न चिकटवितां, किंचित् अंतरावर बसवावयाची. समोर ठेवलेल्या मूळ चित्राचा प्रकाश त्या भोंकांतून जातांना तुटतो, आणि जेथें प्रकाश प्रखर तेथें मोठा, जेथें मंद तेथें लहान, असा ठिपका कांचेवर उमटतो. कांचेवरील हें उलट चित्र मग तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवितात, आणि ठिपके सोडून बाकीचा धातु आम्लानें खाववून टाकतात. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला कीं ठसा तयार.

ऐकावयास हें सोपें वाटतें. खरी अडचण जाळी व कांच यांमधील त्या किंचित् अंतरांत आहे. हें अंतर फार झालें तर ठिपके पसरून चित्र धुरकट होतें. कमी झालें तर सर्व ठिपके एकाच मापाचे पडून छटाच नाहींशा होतात. शिवाय भिंगांतून प्रकाश येण्याचें छिद्र केवढें ठेवावें, मूळ चित्र लहान करावयाचें असल्यास कॅमेरा किती ताणावा, जाळी किती बारीक घ्यावी, या सर्वांचा त्या अंतराशीं संबंध येतो. एक बदललें कीं सारेंच बदलावें लागतें. त्या काळचे यूरोपांतील कारागीरसुद्धां बहुतेक अंदाजानें काम करीत. दहा कांचा बिघडवाव्या, अकरावी साधावी, आणि साधली तें माप मनांत ठेवून कोणास सांगूं नये, असा प्रकार होता.

कलकत्त्यांत बसून दहा कांचा बिघडविणें उपेंद्रकिशोरांस परवडणारें नव्हतें. एकेक वस्तु विलायतेहून आगबोटीनें यावयाची. आमच्या मतें त्यांच्या संशोधनाचें एक कारण ही टंचाईच असावी. परंतु टंचाई पुष्कळांस असते, आणि गणित थोड्यांसच सुचतें. अंदाजास त्यांनीं फांटा दिला व प्रकाशाच्या नियमांवरून हिशेब मांडण्यास आरंभ केला. जाळींतील प्रत्येक भोंक स्वतःच एक लहानसा कॅमेरा आहे, आणि तें भिंगाच्या छिद्राची प्रतिमा कांचेवर पाडतें, ही गोष्ट एकदां ध्यानांत घेतली म्हणजे पुष्कळ गूढ उकलतें. छिद्र लहान केलें तर जाळी दूर सारावी लागेल. कॅमेरा लांब ताणला तरीहि ती दूरच सारावी लागेल. जाळी बारीक घेतली तर तिला कांचेजवळ आणावें लागेल. हें सारें त्रैराशिकाचें काम झालें, आणि त्रैराशिक सहाव्या इयत्तेंतल्या मुलासहि येतें. काटकोनांतल्या जाळीवरच त्यांचा विचार थांबला नाहीं. रेघा ६० अंशांत छेदतील अशा जाळीचाहि त्यांनीं अभ्यास केला. एका छिद्राऐवजीं अनेक छिद्रांची चकती भिंगांत बसविली तर ठिपक्याची घडण कशी सुधारते, याचेहि त्यांनीं प्रयोग केले.

लंडनहून निघणारें ‘पेनरोजेस पिक्टोरियल ॲन्युअल’ हें वार्षिक त्या काळीं मुद्रणव्यवसायांत जगन्मान्य होतें. त्यांत १८९७ सालीं उपेंद्रकिशोरांचा जाळीच्या योजनेविषयींचा पहिला लेख आला; १८९८ मध्यें ठिपक्याच्या उपपत्तीवर दुसरा आला. पुढें जाळी आपोआप योग्य अंतरावर बसविण्याच्या युक्तीवर १९०१ सालीं, मग प्रकाशाच्या विवर्तनावर, १९०५-०६ च्या अंकांत साठ अंशांच्या जाळीवर, आणि १९११-१२ च्या अंकांत अनेक छिद्रांच्या चकतीवर, असे लेख येत राहिले. पहिल्या लेखापासून शेवटच्या लेखापर्यंत जवळजवळ पंधरा वर्षें लोटलीं. स्वतः उपेंद्रकिशोर विलायतेस कधीं गेले नाहींत. जेथून सामान टपालानें व आगबोटीनें मागवावें लागे, तेथेंच त्यांची विद्या टपालानें परत जात होती.

आतां रंगांविषयीं. रंगीत चित्र छापणें म्हणजे एकाच चित्राचीं तीन चित्रें करणें होय. तांबडी, हिरवी व निळी अशा तीन रंगीत कांचा भिंगापुढें पाळीपाळीनें धरून मूळ चित्राचे तीन वेळां फोटो घेतात. निळ्या कांचेंतून घेतलेल्या फोटोवरून पिवळ्या शाईचा ठसा होतो, हिरव्या कांचेंतून घेतलेल्यावरून किरमिजी शाईचा, आणि तांबड्या कांचेंतून घेतलेल्यावरून निळ्या शाईचा. तीन ठसे एकाच कागदावर एकावर एक छापले कीं आंब्याचा मोहोर, शालूचा जर आणि संध्याकाळचें आकाश हीं सारीं त्या तीन शायांतूनच निघतात. कागद केंसभर सरकला तर ओंठांचा रंग हनुवटीवर उतरतो, हें आपण स्वस्त कॅलेंडरांवर पाहिलेलें आहेच.

यांत एक पेंच असतो तो वाचकांनीं घरीं करून पाहावा. मच्छरदाणीच्या कापडाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून खालचा हळूहळू फिरवा. मोठमोठीं वर्तुळें व लाटा दिसूं लागतील. तिन्ही रंगांच्या ठिपक्यांच्या रांगा एकाच दिशेनें किंवा थोड्याशाच कलत्या ठेविल्या तर चित्रावर अशाच लाटा उमटतात, आणि नायिकेचें मुख चौकटीच्या लुगड्यासारखें दिसूं लागतें. म्हणून प्रत्येक रंगाच्या वेळीं जाळी निराळ्या कोनांत फिरवावी लागते. दोन रंगांत ३० अंशांचा फरक ठेविला तर लाटा इतक्या बारीक होतात कीं डोळ्यास दिसत नाहींत. काटकोनी जाळी ९० अंश फिरविली म्हणजे पुन्हां पहिल्या जागीं येते. तेव्हां तीन रंगांची सोय नेमकी लागते, आणि चौथा काळा रंग घेतल्यास कोणातरी एकास १५ अंशांवर दाटीनें बसावें लागतें. ही दाटी पिवळ्याच्या वांट्यास देतात, कारण पिवळा ठिपका पांढऱ्या कागदावर डोळ्यास सर्वांत कमी जाणवतो. आज चित्रें संगणकावर तयार होतात व जाळीची कांच इतिहासजमा झाली आहे. परंतु रंगांचे ठिपके रांगांत मांडणाऱ्या छपाईंत हा कोनांचा हिशेब अद्यापि सुटलेला नाहीं.

उपेंद्रकिशोरांच्या कारखान्याचें नांव प्रथम ‘यू. राय’ असें होतें. मुलगे मोठे झाल्यावर तें ‘यू. राय अँड सन्स’ झालें. ‘प्रवासी’ व ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या रामानंद चतर्जी यांच्या प्रसिद्ध मासिकांत जीं रंगीत चित्रें येत त्यांचे ठसे येथें होत. ‘मॉडर्न रिव्ह्यू’ महाराष्ट्रांतील वाचनालयांतहि येत असे. तेव्हां अवनींद्रनाथ ठाकुरांसारख्या चित्रकारांच्या कृति आमच्या इकडच्या पुष्कळांनीं प्रथम पाहिल्या त्या याच कलकत्त्याच्या ठशांवरून. मूळ चित्रांतील पाण्याच्या रंगांचा तो धुक्यासारखा हळुवारपणा छपाईंत टिकविणें फार कठीण काम होतें. त्या चित्रांच्या कीर्तींत ठसे करणाऱ्याचा वांटा मोठा आहे. आणि त्याचें नांव बहुधा पानाच्या तळाशीं, बारीक खिळ्यांत असतें.

एवढा व्याप असूनहि ज्यांच्यासाठीं हा खटाटोप आरंभिला त्या मुलांस ते विसरले नाहींत. १९०३ सालीं त्यांचें ‘सेकालेर कथा’ हें पुस्तक निघालें. मनुष्य जन्मास येण्यापूर्वीं पृथ्वीवर वावरणाऱ्या प्रचंड प्राण्यांची त्यांत माहिती होती, आणि चित्रें अर्थात् त्यांचींच होतीं. १९१० सालीं ‘टुनटुनीर बोइ’ आलें. मैमनसिंगकडच्या आयाबाया मुलांस जेवूं घालतांना सांगत त्या शिंपीपक्ष्याच्या, कोल्ह्याच्या व वाघाच्या गोष्टी त्यांत आहेत. आमच्याकडील चिमणीकावळ्याच्या गोष्टींशीं त्यांचें जवळचें नातें दिसतें.

पुढें १९१३ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनीं ‘संदेश’ हें मुलांचें मासिक काढिलें. बंगालींत या शब्दाचे दोन अर्थ होतात : एक बातमी, आणि दुसरा छेन्याची प्रसिद्ध मिठाई. दोन्ही अर्थ अभिप्रेत होते. या मासिकाचे संपादक तेच, मुख्य लेखक तेच, चित्रकार तेच, ठसे करणारे तेच आणि छापणारेहि तेच. एका मनुष्याच्या हातून मजकूर, चित्र व मुद्रण हीं तिन्ही कामें अशा योग्यतेनें पार पडल्याचीं उदाहरणें कोणत्याहि देशांत थोडींच सांपडतील. ‘गूपी गाइन’ या गवयाची आणि ‘बाघा बाइन’ या ढोलक्याची त्यांची प्रसिद्ध गोष्ट १९१५ सालीं याच मासिकांत आली.

येथें थोडें विषयांतर करितों. या अंकासाठीं दरवर्षीं विद्यार्थ्यांकडून चित्रें येतात. कोणी आंखीव कागदावर अंधुक शिसपेन्सिलीनें काढतो. कोणी चुरगळलेल्या कागदाचा सायंकाळीं दिव्याखालीं मोबाइलवर फोटो घेऊन पाठवितो, आणि त्यांत पांढरा कागद पिवळा व आकाश जांभळें झालेलें असतें. मग छापील अंक हातीं आल्यावर छापखान्यास बोल लावला जातो. उपेंद्रकिशोरांचे ज्येष्ठ पुत्र सुकुमार हे १९११ सालीं शिष्यवृत्ति मिळवून मुद्रणविद्या शिकण्यास विलायतेस गेले, व लंडन आणि मँचेस्टर येथें अभ्यास करून १९१३ सालीं परतले. त्यांनींहि पेनरोजच्या वार्षिकांत लेख लिहिले, आणि त्यांतील एकाचा विषय मूळ चित्र छपाईस योग्य अशा प्रमाणांत कसें आणावें हाच होता. मूळ चित्र स्वच्छ पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईनें किंवा ठसठशीत रंगांत, छापावयाच्या मापापेक्षां थोडें मोठें असावें. कडेस मोकळी जागा सोडलेली असावी. संगणकासाठीं उतरवून घ्यावयाचें तर छापावयाच्या मापांत दर इंचास ३०० ठिपके भरतील असें घ्यावें, कारण १५० रेघांच्या जाळीस तिच्या दुप्पट बारकावा पुरतो. मोबाइलच्या पडद्यावरचा झगझगीत हिरवा रंग हा प्रकाशाचा रंग आहे. तो शाईंत उतरणार नाहीं, हेंहि आधींच समजून असावें. एवढें पाळलें तर पुढील वर्षीं छापखान्यास बोल ऐकावा लागणार नाहीं.

सुकुमार परत आले तेव्हां वडिलांनीं नव्या वास्तूचें काम हातीं घेतलें होतें. गडपार रोडवरील क्रमांक १०० च्या या घराचा आराखडा उपेंद्रकिशोरांनीं स्वतः केला होता. घर आणि छापखाना एकाच छपराखालीं होता. १९१४ सालीं कुटुंब तेथें राहावयास गेलें. आतां कोठें मनाजोगी जागा मिळाली, मनाजोगा सहकारी पोटचाच मुलगा मिळाला, मासिक नांवारूपास आलें. आणि याच वेळीं मधुमेहानें उपेंद्रकिशोरांस गांठलें. या रोगावर आज इन्शुलिनचें औषध आहे. मनुष्यावर त्याचा पहिला यशस्वी उपयोग १९२२ सालीं झाला. १९१५ सालीं पथ्य व हवापालट यांवांचून डॉक्टरांच्या हातीं कांहीं नव्हतें. हवा पालटण्यासाठीं ते गिरिडीस जात, पण गुण आला नाहीं. दुखण्यांतहि ‘संदेश’साठीं लिहिणें चाललेंच होतें. १९१५ च्या डिसेंबरच्या २० तारखेस, वयाच्या ५२ व्या वर्षीं, कलकत्त्यास त्यांचें देहावसान झालें.

मागें सुकुमारांनीं मासिक व कारखाना दोन्ही सांभाळले. त्यांच्या गमतीदार कवितांनीं व चित्रांनीं ‘संदेश’ची कीर्ति वाढली. परंतु काळज्वरानें १९२३ सालीं, अवघ्या ३५ व्या वर्षीं, तेहि गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत कारखाना कर्जांत बुडाला व परक्यांच्या हातीं गेला. लंडनच्या तज्ज्ञांस जें ज्ञान आपल्या वार्षिकांत मानानें छापावेंसें वाटलें, तें ज्या कारखान्यांत जन्मलें तो पुरीं पस्तीस वर्षेंहि टिकला नाहीं. पैशाचा हिशेब ठिपक्यांच्या हिशेबाइतका त्या घराण्यास साधला नाहीं, असें फार तर म्हणतां येईल. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं.

सुकुमार वारले तेव्हां त्यांचा एकुलता एक मुलगा सत्यजित अडीच वर्षांचा होता. छापखान्यांतील यंत्रांचा आवाज, ठसे करण्याच्या खोलींतील तो मोठा कॅमेरा आणि शाईचा व टर्पेंटाइनचा वास यांत त्याचीं पहिलीं वर्षें गेलीं. मोठेपणीं तो पुस्तकांचीं मुखपृष्ठें काढूं लागला, पुढें जगप्रसिद्ध चित्रपटकार झाला. १९६१ सालीं त्यानें आजोबांचें ‘संदेश’ पुन्हां सुरू केलें, आणि १९६९ सालीं आजोबांच्या गूपी व बाघा यांच्या गोष्टीवर काढलेला त्याचा चित्रपट प्रसिद्ध झाला. गडपार रोडवरच्या त्या घरांत कुटुंब गेल्यावर पुढें एक शाळा भरूं लागली. जेथें ठसे होत आणि ‘संदेश’चे फर्मे वाळत, तेथें मुलें बांकांवर बसून धडे गिरवूं लागलीं.